ओतीव कामाचा हिशेब : कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगातील उत्पादनखर्च

कोल्हापूरची ख्याती बाहेरगावी गूळ, चपला आणि कुस्तीच्या तालमी यांमुळे पसरली. परंतु पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे ज्या शेड्सच्या रांगा दिसतात, त्यांत या जिल्ह्याची आणखी एक ओळख दडलेली आहे. कोल्हापूर परिसरात लहानमोठ्या सुमारे तीनशे फाउंड्री असून मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि यंत्रे यांना लागणारे बिडाचे सुटे भाग तेथे ओतले जातात.

या उद्योगाचे मूळ शेतीत आहे. उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी तेल-इंजिने आली, उसाचे चरक आले आणि ती दुरुस्त करणारे हातही निर्माण झाले. म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या, शाळेपेक्षा कार्यशाळेत अधिक शिकलेल्या कारागिरांनी दुरुस्तीपासून निर्मितीपर्यंत मजल मारली. शिवाजी उद्यमनगर हे त्या परंपरेचे केंद्र ठरले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगराचे उत्पादन चालविले होते. त्याचाही परिणाम या भागावर झाला. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, तेल-इंजिनांची मागणी ओसरली आणि येथील कारखानदार वाहनउद्योगाच्या सुट्या भागांकडे वळले.

येथेच हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. इंजिन बनवून विकणारा कारखानदार आपली किंमत बऱ्याच अंशी स्वतः ठरवीत असे. सुटा भाग पुरविणाऱ्यास मात्र ‘किलोला काय दर?’ असे विचारले जाते, आणि अनेक लहान कारखानदार भंगाराचा भाव व वर थोडी मजुरी धरून उत्तर देतात. हे उत्तर बहुधा चुकते. ते का चुकते हे समजण्यासाठी ओतकामाची रीत थोडक्यात पाहू.

भट्टीतील रस आणि हाती येणारा माल

प्रथम लाकूड अथवा धातूचा पॅटर्न तयार करतात. वाळूत बेंटोनाइट ही चिकट माती व पाणी मिसळून ती पॅटर्नभोवती दाबतात आणि पॅटर्न काढून घेतात. उरलेल्या पोकळीत सुमारे 1,400 अंश सेल्सिअस तापमानाचा रस ओततात. रस पोकळीपर्यंत नेणाऱ्या वाटाही रसानेच भरतात. शिवाय बीड थिजताना आकसते. ती तूट भरून काढण्यासाठी साच्यात रसाचा जादा साठा ठेवावा लागतो. त्याला रायझर म्हणतात. भाग थंड झाल्यावर वाटा आणि रायझर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. म्हणजेच दहा किलोचा भाग मिळविण्यासाठी दहा किलो रस कधीच पुरत नाही.

उदाहरणादाखल एक सोपा हिशेब मांडू. दहा किलोच्या भागासाठी प्रत्येक साच्यात 15 किलो रस ओतला आणि शंभर साचे भरले, तर 1,500 किलो धातू वितळवावा लागेल. विद्युत भट्टीत टनास 600 युनिट वीज धरल्यास 900 युनिट खर्ची पडतील. शंभरांपैकी दहा भाग सच्छिद्रतेमुळे वा तड्यांमुळे बाद झाले, तर विक्रीयोग्य माल 900 किलो उरतो. किलोमागे नेमके एक युनिट झाले.

आता वाटांची व रायझरची मांडणी सुधारून साच्यामागे 13 किलो रस पुरू लागला आणि बाद मालाचे प्रमाण शंभरात चारवर आले, असे समजा. वितळवावयाचा धातू 1,300 किलो, वीज 780 युनिट, विक्रीयोग्य माल 960 किलो. किलोमागे सुमारे 0.81 युनिट. महिन्याला 50 टन माल देणाऱ्या कारखान्यात 9,375 युनिटची बचत होते. युनिटचा दर 9 रुपये धरला तर ही रक्कम 84,375 रुपये भरते. भंगाराच्या भावात घासाघीस करून एवढा लाभ क्वचितच पदरी पडेल.

बाद माल पुन्हा वितळवता येतो, मग नुकसान कसले, अशी समजूत आढळते. ती घातक आहे. धातू परत मिळतो. वीज, वाळू, मजुरी आणि भट्टीचा वेळ परत मिळत नाही. दोष ग्राहकाच्या यंत्रावर कातकाम झाल्यानंतर उघडकीस आला, तर कातकामाचा व वाहतुकीचा खर्चही बोकांडी बसतो आणि पुढची ऑर्डर जाते ती वेगळीच.

पॅटर्नचेही असेच आहे. साठ हजार रुपयांचा पॅटर्न शंभर नगांवर वाटला तर नगामागे 600 रुपये पडतात, पाच हजार नगांवर वाटला तर केवळ 12. म्हणून थोड्या नगांच्या कामास किलोचा सरसकट दर लावणे म्हणजे स्वतःच्या खिशातून ग्राहकास अनुदान देणे होय.

नवी वळणे

कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्यांची जागा अनेक ठिकाणी विद्युत भट्ट्यांनी घेतली आहे. रसाची रासायनिक घडण त्यांत अधिक काटेकोर राखता येते. मात्र वीजपुरवठा मध्येच खंडित झाल्यास भट्टीतील रस थिजण्याचे संकट असते. रस साच्यात कसा वाहील व कोठे आकसेल हे आता ओतण्यापूर्वी संगणकावर पाहता येते. वर सांगितलेली 15 किलोंची 13 किलो करण्याची किमया पूर्वी अनुभवी मेस्त्रीच्या नजरेवर अवलंबून असे. ती नजर आजही लागते, पण चुकीची किंमत संगणकावर कमी पडते. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे इंजिनाच्या भागांची मागणी घटण्याची शक्यता असून ब्रेक, चाके आणि पंप यांच्या भागांकडे लक्ष वळविणे कारखानदारांना भाग पडणार आहे.

ग्रामपंचायतींचा संबंध येतो तो वापरलेल्या वाळूमुळे. ही वाळू घासून वा भाजून पुन्हा वापरण्याजोगी करता येते. तसे केल्यास नव्या वाळूचा खर्च वाचतो आणि गावाच्या हद्दीत पडणारे ढीगही कमी होतात. उरलेली वाळू भरावासाठी अथवा फरसबंदीच्या ठोकळ्यांसाठी मागणाऱ्या पंचायतींनी एक विचारपूस अवश्य करावी. माती व पाणी घालून बांधलेली वाळू निराळी आणि रासायनिक राळेने बांधलेली निराळी. दुसऱ्या प्रकारच्या वाळूत फिनॉलसारखी द्रव्ये उरलेली असू शकतात. ती विहिरीच्या अथवा ओढ्याच्या जवळ टाकण्यापूर्वी तिची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याचा दाखला मागून घ्यावा.