नाट्यपदाची ध्वनिमुद्रिका : प्रयोगाचा पुरावा की स्वतंत्र संहिता?

मराठी संगीत नाटकाचा अभ्यास प्रामुख्याने छापील संहितेच्या आधारे होत आला आहे. संहितेत पदाचे शब्द असतात. अनेकदा माथ्यावर राग, ताल व 'चाल' यांचा निर्देशही असतो. पद प्रत्यक्षात कसे गायिले गेले हे मात्र छापील पानातून कळत नाही. म्हणून अभ्यासक ध्वनिमुद्रिकेकडे वळतो आणि तीत प्रयोग जसाच्या तसा जतन झाला आहे, असे नकळत गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले. भारतात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये. त्यामुळे संगीत नाटकाच्या पहिल्या वीस वर्षांच्या गायनाबाबत आठवणी, लेख आणि शिष्यपरंपरा यांवरच विसंबावे लागते. पुढे 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) आणि 'एकच प्याला' (१९१९) यांची पदे तबकडीवर आली. पण ती एकेक सुटी. संपूर्ण नटसंचाने गायिलेली, नाटकाच्या क्रमाने लावलेली पदे एकत्र देण्याची जी प्रथा अमेरिकेत १९४३ च्या 'ओक्लाहोमा!' पासून रूढ झाली, तिच्याशी तुलना करता येईल असा संच गंधर्वयुगाच्या वाट्याला आला नाही. आपल्याकडे नाटकाची नव्हे, गायकनटाची तबकडी निघत असे.

याचा परिणाम पदाच्या घाटावर झाला. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगात 'वन्स मोअर'च्या आग्रहाने एकच पद कितीही लांबत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. तेवढ्यात मुखडा, अंतरा, दोन-चार आलाप आणि एखादी तान बसवावी लागे. हा संक्षेप म्हणजे केवळ काटछाट नव्हे. कोणती जागा राखायची आणि कोणती सोडायची हा गायकाने केलेला निवाडा त्यात आहे. पुढच्या पिढ्यांनी हीच निवड प्रमाण मानली, आणि जे रंगमंचावर दर रात्री बदलत असे ते तबकडीमुळे कायमचे ठरून गेले.

बालगंधर्वांची सिंधू हे या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण आहे. 'एकच प्याला'चे लेखक राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले; नाटकातील पदे वि. सी. गुर्जरांची आहेत. दारिद्र्याने गांजलेल्या स्त्रीच्या मुखी इतके ऐश्वर्यशाली गाणे शोभते काय, हा आक्षेप या नाटकावर पूर्वीपासून घेतला जातो. प्रयोगात त्या आक्षेपाला दृश्याचे उत्तर होते. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर फाटके लुगडे नेसलेली सिंधू असे आणि कानांवर तो आवाज पडे. या विसंगतीतूनच करुणरसाला एक विलक्षण धार येत असे. तबकडीने आवाज ठेवला, लुगडे गेले. तबकडी ऐकून सिंधूच्या भूमिकेविषयी मत देणारा समीक्षक वस्तुतः निम्म्या भूमिकेविषयी बोलत असतो. गंधर्वगायकीवरील कितीतरी लेखनात हा भेद पाळला गेलेला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

काही प्रसंग तर तबकडीच्या कक्षेबाहेरच राहिले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र आले. विद्युत् ध्वनिमुद्रण येण्यास अजून चार वर्षे होती. कर्ण्यासमोर उभे राहून गाण्याच्या त्या काळात नाट्यगृहातील चालत्या प्रयोगाचे मुद्रण करणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले.

तबकडी कोण ऐकत होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड पडदे, पेटारे, नट आणि साजिंदे यांसह हलत असे. ते मुख्यतः नाट्यगृह आणि रेल्वे असलेल्या शहरांकडे वळे. महाड-पोलादपूरच्या अंतर्भागाजवळ रेल्वे आली ती कोकण रेल्वेच्या रूपाने, १९९० नंतर. पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या गावी गंधर्व मंडळीचा मुक्काम पडणे संभवनीय नव्हते. अशा गावांपर्यंत नाट्यपद पोहोचू शकत होते ते मुंबईच्या चाकरमान्याच्या तोंडून, तबकडीवरून किंवा पुढे आकाशवाणीवरून. कोकणातील भजनी मंडळे नाट्यपदांच्या चालींवर अभंग म्हणतात, त्यामागे हीच वाट आहे. तिथे भामिनी नाही, रुक्मिणी नाही. आहे ती फक्त चाल, आणि तिच्यात विठ्ठल येऊन बसला आहे. अशा श्रोत्याला अपुरा प्रेक्षक समजणे हा नागर समीक्षेचा दोष होय. त्याच्यापुढे नाटक नव्हतेच. त्याच्या दृष्टीने तबकडी हीच मूळ संहिता होती.

दुसऱ्या टोकाला 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) उभे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात कोणता गवय्या कोणापुढे आणि कोणत्या हेतूने गातो, हाच कथेचा कणा आहे. जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन घराण्यांच्या दोन ढंगांत बांधले. नाटकात हे दोन ढंग एकमेकांशी वाद घालतात. ध्वनिमुद्रिकेवर ते दोन स्वतंत्र, सुंदर गाणी होतात आणि वाद ऐकू येत नाही. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांतील ईर्ष्या गाण्यात आहे खरी. पण आधीचा प्रवेश ठाऊक असलेल्यालाच ती जाणवते. २०१५ च्या चित्रपटाने काही जुनी पदे राखली, शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी घातली, आणि खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांना तर गळा राहुल देशपांड्यांना दिला. गायकनट ही संस्था येथे दुभंगली. आज महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानात बहुधा हीच 'कट्यार' असते. त्याला दोष देण्याचे कारण नाही, मात्र आपण कोणते पाठांतर ऐकत आहोत याचे भान त्याला दिले पाहिजे.

वर्गात याची सोपी पद्धत अवलंबिता येते. पदापूर्वीचा संवाद विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, तेथेच ध्वनिमुद्रिका लावावी आणि ती संपताच पुढचे वाक्य लगेच वाचावयास सांगावे. तबकडीवरील नाव, नाटक व राग वहीत टिपून घ्यावे. गायकाने ती भूमिका रंगमंचावर केली होती काय, हे तपासावे. आशा भोसल्यांनी 'मानापमाना'ची पदे गायिली ती नाटकात भूमिका न करता. तीही अभ्यासविषयच आहेत, पण वेगळ्या प्रकरणातले. तबकडीवर बहुधा मुद्रणाचे साल नसते. त्यामुळे नाटकाचे साल तेच गायनाचे साल समजून तरुण बालगंधर्वांविषयी विधाने करण्यापूर्वी तो आवाज कोणत्या वयाचा आहे, हे आधी ठरवावे लागेल.