मला थोरली बहीण नाही

नववीत असताना जानेवारी महिन्यात मी १९ दिवस शाळेत गेले नाही. परत आल्यावर सरांनी रजेचा अर्ज मागितला. सर आमचे वर्गशिक्षक होते आणि इंग्रजीही तेच शिकवायचे. म्हणाले, ‘इंग्रजीत लिहून आण, तेवढाच सराव होईल.’ मी घरी आले, गाईड उघडलं आणि पत्रलेखनाच्या पानावरचा अर्ज उतरवून काढला. थोरल्या बहिणीचं पुण्याला लग्न असल्यामुळे मी शाळेत येऊ शकले नाही, असं त्यात होतं. तारीख बदलली, खाली माझं नाव घातलं, तीन दिवसांच्या जागी १९ दिवस केले.

मला थोरली बहीण नाही. घरात मीच मोठी, माझ्या पाठीवर एक भाऊ.

ते १९ दिवस मी कोल्हापूरकडच्या एका फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत होते. मायच्या डाव्या हाताला कोयता लागला होता. ऊस डाव्या हातात धरतात आणि उजव्या हातानं बुडाशी घाव घालतात. पहाटेच्या अंधारात घाव सरकला आणि अंगठ्याखाली सात टाके पडले. आमच्या भागात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीतलं एक माणूस बसलं तर काम अर्ध्यावर येतं, पण मुकादमाकडून घेतलेली उचल तेवढीच फेडावी लागते. म्हणून अण्णांनी मला बोलावून घेतलं. पहाटे भाकरी थापायच्या, दिवसभर अण्णांच्या मागं मोळ्या बांधायच्या, संध्याकाळी वाढे विकून मीठमिरची आणायची. दप्तर नेलं होतं. ते कोपीच्या मेढीला टांगलेलं राहिलं.

तेलगाव–परळी रस्त्यावरच्या आमच्या दिंद्रुडला हे कुणाला सांगावं लागत नाही. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागतात आणि वस्त्यांवर म्हातारी माणसं, काही पोरं आणि शेरडं तेवढी राहतात. तरीही मी तो अर्ज लिहिला. का लिहिला, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. आईवडिलांची लाज वाटत होती असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. मराठीच्या निबंधात मी फडाबद्दल लिहिलं होतं. इंग्रजीचं वेगळं होतं. गाईडातल्या ‘माय फॅमिली’मधले वडील डॉक्टर असायचे, आई शिक्षिका, रविवारी सगळे बागेत जायचे. पहिलीपासून इंग्रजी शिकत होते (आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे), आणि त्या नऊ वर्षांत माझी अशी समजूत झाली होती की इंग्रजीत लिहायचं तर घर असंच असावं लागतं. आपलं घर त्या भाषेत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज वाचला, हसून अभिनंदन केलं आणि सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत विचारलं, बहिणीचं नाव काय? प्रश्न मला समजला होता. इंग्रजीतला पहिलाच प्रश्न असेल जो कानावर पडताक्षणी समजला. मी उभी राहिले, बोलले मात्र काहीच नाही. वर्गातल्या निम्म्या मुलींना मी कुठं होते ते माहीत होतं. त्यांच्यातली एकही बोलली नाही. सरांना वाटलं मला इंग्रजीत सांगता येईना. त्यांनी बसायला सांगितलं आणि अर्ज फाईलला लावला.

तेवढ्यावर सुटले असं मला वाटलं, पण खरं नुकसान तिथून सुरू झालं. त्याच आठवड्यात फडावरून परत आलेल्या तीन मुलांना सर शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवायला लागले. बुडालेले धडे आणि काळ ते त्यांना पहिल्यापासून समजावायचे. मी दारावरून जायची. मलाही तेच हवं होतं. पण कागदावर मी लग्नाला गेलेली होते, आणि लग्नाहून आलेल्या मुलीला कोण थांबवून घेईल? थांबायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि आता एकाऐवजी दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. रोज वाटायचं, उद्या सांगू. वर्ष संपलं.

दहावीच्या सराव परीक्षेत मला इंग्रजीत ८० पैकी १७ पडले.

त्या संध्याकाळी आज्जीनं विचारलं, ‘का गं, तोंड उतरलंय?’ मी गुण सांगितले आणि मग कसं कोण जाणे, अर्जाचंही सांगितलं. आज्जीला अक्षरओळख नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, ‘मायचा हात तुटता तुटता ऱ्हायला, अन् तू लगीन लिवलंस?’ पुढं काहीच बोलली नाही. जेवायला वाढलं तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी तयारी करून गेले होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, ‘तोच अर्ज पुन्हा लिही. खरा.’

अख्खा तास गेला. गाईडात असा अर्ज नव्हता. ‘रिस्पेक्टेड सर’ आलं, विषयाची ओळ आली आणि पुढं हात थांबला. मी लिहिलं, ‘माय मदर हँड कट कोयता.’ सरांनी वाचून दुरुस्ती सांगितली, ‘माय मदर कट हर हँड विथ अ कोयता.’ मी म्हटलं, ‘सर, तिनं मुद्दाम नाही कापला, लागला.’ तेव्हा त्यांनी सांगितलं की इंग्रजीत हे वाक्य चुकून लागल्यालाही असंच लिहितात. आपण ‘लागला’ म्हणतो, ते तसं म्हणतात. मी विचारलं, कोयत्याला इंग्रजीत काय? ते म्हणाले, ‘जवळचे शब्द आहेत, पण विळ्यालाही तेच आणि झाडं तोडायच्या हत्यारालाही तेच. आपला कोयता राहू दे.’ दुसरं वाक्य मी एकटीनं लिहिलं: ‘आय वेंट टू कुक फॉर माय फॅमिली.’ त्यात एकही चूक नव्हती.

हे सगळं मी माझ्यामागून येणाऱ्यांसाठी लिहितेय. विशेषतः ज्यांचे आईवडील दसऱ्याला निघतात त्यांच्यासाठी.

गाईड फेकून द्या असं मी म्हणणार नाही. अर्जात तारीख कुठं घालायची, विषय कुठं, सुरुवात आणि शेवट कसा करायचा, हे त्यातूनच घ्या. सांगाडा त्यांचा चालतो, कारण मात्र तुमचं हवं. पत्राला परीक्षेत ५ गुण असतात. तुमचं मोडकं पण खरं पत्र आणि पाठ केलेलं पत्र यांच्या गुणांत एखाद्याचा फरक पडेलही. पण पाठ केलेलं पत्र प्रश्न थोडा फिरवला की उपयोगाचं राहत नाही. सराव परीक्षेत माझं तेच झालं. मैत्रिणीला गावी बोलवायचं पत्र होतं आणि मी वाढदिवसाचं पाठ केलेलं उतरवून आले. मोबाईलबद्दलही हेच सांगेन. मराठी वाक्य घालून इंग्रजी काढून घेणं आता सोपं झालंय. ते करायचं असेल तर आधी आपलं वाक्य वहीत लिहा, चुकीचं का असेना, आणि मग ताडून पाहा. आधीच मोबाईल उघडलात तर तुम्ही परत उतरवून घेणारेच राहाल.

शब्द अडला तर थांबू नका. मोळी, पाचट, फड, उचल यांना इंग्रजी शब्द शोधत बसलात तर वाक्य तिथंच मरतं. मराठी शब्द तसाच ठेवा आणि पुढं जा. माझ्या पहिल्या वहीत निम्मे शब्द मराठी होते. महिन्याभरात ते आपोआप कमी झाले. जे उरले ते उरायलाच हवे होते.

काळांचं सांगते, कारण यात माझं सगळ्यात जास्त अडलं होतं. पुस्तकात ‘मी भाकरी करत आहे’ असं असतं. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही, त्यामुळे ते वाक्य मला इंग्रजीइतकंच परकं वाटायचं आणि ‘आय मेक’ कुठं, ‘आय ॲम मेकिंग’ कुठं, याचा गोंधळ व्हायचा. एकदा चुलीपुढं बसले असताना भावानं बाहेरून हाक मारली, ‘काय करायलीस?’ मी म्हटलं, ‘भाकरी करायलेय.’ आणि डोक्यात लख्ख झालं. रोज करते ते ‘करते’, आत्ता या घडीला चाललंय ते ‘करायलेय’. आपल्या मराठवाड्याच्या बोलीत हा भेद इतका स्वच्छ आहे की तो शिकवावाच लागत नाही. ‘करायलेय’ असेल तिथं ‘आय ॲम मेकिंग’. ज्या बोलीला आपण गावंढळ म्हणून शाळेच्या दाराबाहेर ठेवतो, तिनंच मला वर्तमानकाळ शिकवला. हे मला फार मोलाचं वाटतं. शिक्षकांनीही एकदा ही वाट वर्गात करून पाहावी.

तसंच दुसरं. ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ यातला फरक माझ्या वहीत तीनदा उतरवून घेतलेला होता, कळला एकदाही नव्हता. सरांनी विचारलं, ‘तुझी माय कुठंय?’ मी म्हटलं, ‘कोल्हापूरला गेलीय.’ ‘आली का?’ ‘नाही.’ ‘मग हॅज गॉन. अन् पाडव्याला परत आल्यावर काय म्हणशील?’ ‘कोल्हापूरला जाऊन आलीय.’ ‘हॅज बीन.’ त्या दिवशी मी घरी येऊन दोन्ही वाक्यं लिहिली आणि पहिल्या वाक्याकडं बराच वेळ बघत बसले. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमच्या घरात जे रिकामं असतं, ते त्या दोन शब्दांत होतं.

वही साधी ठेवा. रोज झोपण्यापूर्वी पाच वाक्यं, आज घरात काय झालं त्याची. आज शेरडू आजारी पडलं. आज मायचा फोन लागला नाही. पाचांपेक्षा जास्त लिहायचं ठरवू नका, दोन दिवसांत सुटतं. आठवड्यातून एकदा कुणाला तरी दाखवा. सर नसतील तर वरच्या वर्गातली मुलगीही चालते.

आणि इंग्रजीच्या बाहेरचं एक. आईवडील निघायच्या आत वर्गशिक्षकांना सांगा की ते कुठं आणि किती महिन्यांसाठी जाणार आहेत, घरी कोण राहणार आहे, गरज पडली तर तुम्हालाही जावं लागेल का. आधी सांगितलं तर सवलत मागितल्यासारखं होत नाही. शिक्षकांना काय बुडणार ते ठाऊक असतं. लहान भावंडांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होतंय का ते दिवाळीच्या आधीच विचारा. भावंडाला बरोबर न्यावंच लागलं तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली आहे, तिचीही चौकशी तालुक्याला करा. या गोष्टी मला नववीत माहीत नव्हत्या. माहीत असत्या तरी मी विचारल्या नसत्या, कारण विचारायचं म्हणजे आधी आपण कोण ते सांगायचं.

दहावीनंतरच्या सुट्टीत नात्यातल्या एका मुलीचं सीबीएसईचं इंग्रजीचं पुस्तक हाती आलं. त्यात रस्किन बाँड यांची ‘द थीफ्स स्टोरी’ होती. पंधरा वर्षांचा एक चोर पोरगा, त्याला घरात ठेवून घेणारा अनिल. अनिल त्याला आधी नाव लिहायला शिकवतो आणि पुढं अख्खी वाक्यं शिकवीन म्हणतो. पोरगा एका रात्री पैसे चोरून स्टेशनापर्यंत जातो आणि परत येतो, कारण पैशांपेक्षा त्याला ती वाक्यं हवी असतात. पाण्यात भिजलेल्या नोटा तो गादीखाली परत सारतो, त्या जागी मी वाचायची थांबले. मला सरांची फाईल आठवली.

बोर्डात मला इंग्रजीत १०० पैकी ५४ पडले. फार नाहीत, पण त्यातला एकही उतरवलेला नव्हता.

परीक्षा संपली तेव्हा माय आणि अण्णा नुकतेच परतले होते. निकालाला वेळ होता. एका संध्याकाळी माय ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मी सरांकडून मागून आणलेला तो दुसरा अर्ज काढला आणि तिला वाचून दाखवला, इंग्रजीतच, सावकाश. ती हात थांबवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘त्यात कोयता म्हणलीस का गं?’

‘हो.’

तिनं डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसला. म्हणाली, ‘परत वाच.’