विवाहाचा केक घरीं करणें



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत लग्नसराई जवळ आली म्हणजे दोन खर्चांची चर्चा घरोघर सुरू होते. एक जेवणाचा व दुसरा केकचा. जेवणाचा अंदाज सर्वांस असतो. गांवांतील चार वडीलधारीं माणसें बसून तांदूळ, डाळ व तेल यांचा हिशेब घटकाभरांत करितात. केकचा अंदाज मात्र कोणास नसतो. तो शहरांतून आणावयाचा, दुकानदार सांगेल ती किंमत द्यावयाची, आणि मे महिन्याच्या उन्हांत आणतांना तो कलला किंवा वितळला तर मुकाट्यानें बसावयाचें, अशी रीत पडली आहे. कित्येक घरीं लग्नासाठीं काढलेल्या कर्जांत या एका वस्तूचाहि वाटा असतो.

येथें प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केक हा विवाहविधीचा भाग नाहीं. वधूवरांनीं साक्षीदारांसमोर वचनें दिलीं व पाळकांनीं विवाह जाहीर केला कीं लग्न पूर्ण झालें. केक नसला म्हणून त्यांत कांहीं उणें राहत नाहीं. परंतु ज्यांस तो हवा आहे, त्यांनीं तो आपल्या आप्तेष्टांच्या हातांनीं घरींच करावा. तो कर्जावांचून होतो, चांगला होतो, आणि तो करण्यांत सर्व घर एकत्र येतें. हें कसें साधावें तें या पाठांत क्रमानें सांगितलें आहे.

१. ही चाल कोठून आली?

विवाहाचा केक ही मूळची आपल्या देशांतील चाल नव्हे. सुकीं फळें व लोणी घातलेला केक लग्नांत करण्याची रीत इंग्लंडांत जुनी आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजीं राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. त्या वेळच्या केकचें वजन सुमारें ३०० पौंड असून त्याचा घेर ३ यार्ड होता. शुभ्र साखर त्या काळीं महाग असे. म्हणून पांढरें आवरण हें वैभवाचें चिन्ह मानलें जाई. थोरांचें पाहून सामान्य लोकांनींहि तसेंच करण्याची हौस धरली.

पण पुढें १०० वर्षांनीं त्याच देशांत काय झालें तें पाहा. दुसरें महायुद्ध सुरू होतें. ८ जानेवारी १९४० पासून तेथें साखर व लोणी मोजून मिळूं लागलें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत केकवर साखरेचें आवरण घालण्यास कायद्यानें मनाई झाली. तेव्हां आईबापांनीं, शेजाऱ्यांनीं व मित्रांनीं आपापल्या वांट्याची थोडी साखर, थोडें लोणी व थोडे बेदाणे आणून द्यावे आणि त्यांतून लहानसा केक करावा, असें घरोघर होऊं लागलें. तो लहान केक पुठ्ठ्याच्या पांढऱ्या नक्षीदार खोक्याखालीं झांकून मेजावर ठेवीत. २० नोव्हेंबर १९४७ रोजीं राजकन्या एलिझाबेथ हिचें लग्न झालें तेव्हांहि ही टंचाई संपली नव्हती. तिचा ९ फूट उंचीचा केक ज्या जिनसांचा केला, त्या ऑस्ट्रेलियांतील गर्ल गाइड्स या मुलींच्या संस्थेनें भेट म्हणून पाठविल्या होत्या. साखरेवरचें नियंत्रण तेथें १९५३ च्या सप्टेंबरांत उठलें.

ज्या देशाची ही चाल, त्या देशांतहि अडचणीच्या काळीं केक झाला तो दहा घरच्या मदतीनें झाला, आणि त्यांत कोणास लाज वाटली नाहीं. मग आम्हांस कां वाटावी?

२. आधीं बसून हिशेब करावा

केक किती मोठा असावा हें हौसेनें न ठरवितां माणसें मोजून ठरवावें. फळांचा केक जड असतो. एका माणसास १ इंच लांब व १ इंच रुंद तुकडा पुरे होतो. खालीं १० इंच व वर ६ इंच व्यासाचा असे दोन मजले केले, तर कडेचे वांकडे तुकडे वजा जातां ८० च्या आसपास तुकडे निघतात. पाहुणे ३०० असले तर तिसरा व चौथा मजला चढवूं नये. त्याऐवजीं १२ इंच लांब व ९ इंच रुंद अशा चौकोनी ट्रेमध्यें दोन साधे केक, सजावटीवांचून, भाजून ठेवावे. एका ट्रेचे १०८ तुकडे होतात. मांडवांत दोन मजल्यांचा केक दिसतो आणि स्वयंपाकघरांतून ट्रेमधील तुकडे वांटले जातात. चव एकच असल्यामुळें कोणास फरक कळत नाहीं.

कोणाच्या घरीं दोन मजल्यांचीहि ऐपत नसेल, तर खालचा मजला पुठ्ठ्याचा करून त्यावर पांढरा कागद लावावा व वरचा लहान केक तेवढा खरा ठेवावा.

३. साहित्य व प्रमाण

८ इंच व्यासाच्या व सुमारें ३ इंच उंचीच्या एका केकास पुढील साहित्य लागतें:

बेदाणे ३०० ग्रॅम. बिनबियांच्या काळ्या मनुका ३०० ग्रॅम. बारीक चिरलेला खजूर १५० ग्रॅम. टुटीफ्रुटी किंवा पाकवलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम. काजूचे तुकडे ५० ग्रॅम. मैदा २२५ ग्रॅम. लोणी २२५ ग्रॅम. साखर २२५ ग्रॅम. अंडीं ४, गांवठी लहान असल्यास ५. दालचिनी, लवंग व जायफळ यांची पूड मिळून १ लहान चमचा. एका लिंबाची किसलेली साल. संत्र्याचा रस पाऊण वाटी. आणि रंगासाठीं १ मोठा चमचा जळक्या साखरेचा पाक.

बेदाणे सांगली जिल्ह्यांत, विशेषतः तासगांवकडे, उत्तम मिळतात. कोणी नातलग तिकडे असल्यास आहेराऐवजीं बेदाणेच आणावयास सांगावें. घरचें लोणी घेतल्यास त्यांतील ताक थंड पाण्यानें धुऊन पूर्ण काढावें.

दोन मजल्यांचें प्रमाण असें काढावें. उंची सारखी असतां केकचें माप व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतें. १० चा वर्ग १०० व ६ चा ३६, मिळून १३६. ८ चा वर्ग ६४. म्हणजे वरील साहित्याची दुप्पट व त्यावर आणखी एकपटीचा आठवा हिस्सा घेतला कीं दोन्ही मजले होतात. तयार मिश्रणाचे चार वांटे करून जवळ जवळ तीन मोठ्या डब्यांत व एक लहान डब्यांत घालावा. ट्रेमधील २ इंच उंचीच्या केकास ८ इंची साहित्याच्या दीडपट साहित्य लागतें.

४. मिसळणें व भाजणें

पहिल्या दिवशीं बेदाणे व मनुका निवडून, देंठ काढून, धुऊन कोरड्या कराव्या. हें काम मुलांस आनंदानें करतां येतें. संत्र्याचा रस उकळून फळांवर ओतावा, झांकण घालावें व रात्रभर मुरूं द्यावें.

दुसऱ्या दिवशीं लोणी व साखर पांढरीशुभ्र व हलकी होईपर्यंत एकाच दिशेनें फेंसावी. मग एकेक अंडें फेंटून घालावें, व प्रत्येक अंड्याबरोबर चमचाभर मैदा टाकावा, म्हणजे मिश्रण फाटत नाहीं. नंतर मसाल्यासह चाळलेला मैदा हलक्या हातानें मिसळावा आणि शेवटीं फळें, काजू, लिंबाची साल व पाक घालावा. मिश्रण घट्ट असावें. तें पातळ झालें तर फळें तळाशीं बसतात.

डब्यास आंतून तूप लावून बटर पेपरचे दोन पदर बसवावे. ओव्हन असल्यास १४० अंश सेल्सियसवर ८ इंची केकास सुमारें ४ तास, १० इंचीस ५ तास व ६ इंचीस अडीच ते तीन तास लागतात. वरचा भाग लवकर तांबूस होऊं लागल्यास त्यावर कागद ठेवावा. ओव्हन नसल्यास जाड पातेल्यांत दोन बोटें वाळू घालून ती पाव तास तापवावी, वाळूवर तिवई ठेवून तीवर डबा ठेवावा, पातेल्यावर जड झांकण घालून त्यावर थोडेच निखारे ठेवावे व खालचा जाळ मंद राखावा. याहून सोपी वाट म्हणजे जवळच्या बेकरीची भट्टी. पाव भाजून झाल्यावर ती हळू हळू निवत जाते, आणि अशी निवणारी भट्टी फळांच्या केकास फार मानवते. स्वच्छ सुई मध्यभागीं खुपसून कोरडी बाहेर आली म्हणजे केक झाला.

केक डब्यांतच रात्रभर निवूं द्यावा. मग बटर पेपरांत गुंडाळून हवाबंद डब्यांत, थंड व कोरड्या जागीं ठेवावा. हिवाळ्यांत तो लग्नाच्या तीन आठवडे आधीं करतां येतो. उन्हाळ्यांत १०-१२ दिवसांहून अधिक आधीं करूं नये. मधून मधून पाहत जावें. बुरशीचा ठिपका दिसल्यास तेवढाच भाग कापून वापरूं नये. तो केक टाकून द्यावा. पाहुण्यांच्या प्रकृतीपुढें नुकसानीचा विचार करूं नये.

५. दोन आवरणें

पांढऱ्या आवरणाच्या आंत आणखी एक आवरण असतें. तें नसेल तर फळांचा तांबूस रस वर येऊन शुभ्र साखरेवर डाग पडतात. इंग्लंडांत हें आंतलें आवरण बदामाचें करितात. गोव्यांत त्याच धर्तीची मिठाई काजूची करितात, व आम्हांस तेंच सोयीचें आहे. दोन मजल्यांस ७५० ग्रॅम काजूची पूड व ६०० ग्रॅम साखर घ्यावी. साखरेचा एकतारी पाक करून त्यांत पूड घालावी आणि गोळा कडा सोडीपर्यंत, काजूकतलीप्रमाणें, मंद आंचेवर परतावी. केकवर गरम केलेला जॅम पातळ लावून, लाटलेली ही पोळी वरून व बाजूंनीं बसवावी आणि एक दिवस सुकूं द्यावी.

वरच्या पांढऱ्या आवरणास कच्च्या अंड्याचा बलक काढून पांढरा भाग वापरण्याची जुनी पद्धत आहे. परंतु कच्च्या अंड्यांतून रोग होऊं शकतो, आणि लग्नांत लहान मुलें, गरोदर स्त्रिया व वृद्ध माणसें असतात. म्हणून शहरांत मिळणारी मेरिंग पावडर वापरावी. ३ मोठे चमचे पावडर, ४५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर व ५ ते ६ मोठे चमचे कोमट पाणी एकत्र करून घट्ट शिखरें उभीं राहीपर्यंत फेंटावें. दोन मजल्यांस सर्व मिळून सुमारें दीड किलो आयसिंग शुगर लागते. एकच जाड थर देऊं नये. तीन पातळ थर द्यावे, व दोन थरांमध्यें एक दिवस जाऊं द्यावा. पोलादी पट्टी एकाच ओढीनें फिरविली असतां पृष्ठभाग सपाट होतो. फेंटलेलें आयसिंग ओल्या फडक्याखालीं झांकून ठेवावें. नाहींतर त्यावर खपली धरते.

आवरण चढविलेला केक फ्रीजमध्यें ठेवूं नये; बाहेर काढतांच त्यास पाणी सुटतें. आणि मुंग्यांस विसरूं नये. मोठ्या परातींत पाणी घालून त्यांत पालथी वाटी ठेवावी, तीवर केकचा पाट ठेवावा व वरून जाळी घालावी.

६. सजावट

सजावटीस विशेष विद्या लागते असें समजून पुष्कळ लोक येथेंच हात टेंकितात. पण ज्या बहिणीस रांगोळीची सरळ रेघ ओढतां येते व मेंदीचा कोन धरतां येतो, तिला ही कला अर्धी आलीच आहे. बटर पेपरचा तसाच कोन करावा, त्यांत आयसिंग भरावें आणि टोंक किंचित् कापावें. आधीं पालथ्या ताटावर सराव करावा. प्रथम ठिपके, मग रेघा, मग कमानी शिकाव्या. केकच्या कडेनें सारख्या अंतरावर ठिपके देऊन ते कमानींनीं जोडले, तर एवढीच सजावट पुरेशी सुंदर दिसते. सफाईनें काढलेली साधी नक्षी ही घाईनें केलेल्या पुष्कळ नक्षीहून बरी.

खरीं फुलें ठेवावयाचीं असल्यास सावध असावें. कण्हेर दिसावयास सुंदर, पण तिचें पान, फूल व देंठ सर्व विषारी आहे. ती केकजवळ आणूंहि नये. धोतरा व रुई यांचेंहि तसेंच. बाजारांतील गुलाबांवर औषध फवारलेलें असतें. म्हणून घरच्या अंगणांतील, औषध न मारलेलीं गुलाबाचीं किंवा मोगऱ्याचीं फुलें धुऊन, कोरडीं करून, देंठांस कागद गुंडाळून ठेवावीं.

७. मजले उभे करणें व वांटणें

वरच्या मजल्याचा भार खालच्या केकनें सोसतां कामा नये. तो खांबांनीं सोसला पाहिजे. स्वच्छ बांबूच्या चार जाड काड्या खालच्या केकच्या उंचीइतक्या सारख्या कापून, वरच्या मजल्याच्या घेराच्या आंत चौकोनांत उभ्या खुपसाव्या. वरचा केक पातळ पुठ्ठ्यावर असावा व तो पुठ्ठा या काड्यांवर टेंकावा. मजले वेगवेगळे न्यावे आणि लग्नाच्या जागीं पोंचल्यावरच एकावर एक ठेवावे.

वधूवरांनीं पहिला काप दिल्यावर कापण्याचें काम एका शांत माणसाकडे द्यावें. सुरी दर वेळीं कोमट पाण्यांत बुडवून पुसावी. आणि वांटतांना, जे आजारपणामुळें किंवा म्हातारपणामुळें येऊं शकले नाहींत, त्यांचे तुकडे आधीं बाजूस काढून ठेवावे. फळांचा केक टिकतो. तो दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं नेतां येतो.

अशा रीतीनें मामीनें बेदाणे दिले, आत्यानें लोणी काढलें, मुलांनीं देंठ निवडले, थोरल्या बहिणीनें नक्षी काढली, आणि लग्नानंतर सावकाराच्या वहींत केकच्या नांवें एक रुपयाहि लिहिला गेला नाहीं, तर त्या नव्या संसारास याहून चांगला आहेर कोणता?

स्त्रियांच्या सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गांवीं मागील लग्नांत केकवर काय खर्च झाला? तो कोठून आणला?
२. १५० पाहुण्यांस किती मजले व किती ट्रे लागतील?
३. काजूचें आवरण न घातल्यास काय होतें?
४. उन्हाळ्यांतील लग्नासाठीं केक किती दिवस आधीं करावा, व कां?
५. पुढील लग्नांत प्रत्येक घर कोणती जिन्नस किंवा कोणतें काम देऊं शकेल? आजच यादी करावी.