सासूबाईंच्या गोळ्यांचा कागद बघितलास का?

अगं, सासूबाईंना केअर सेंटरमध्ये ठेवलं म्हणून चार लोक काय म्हणतील, याचा घोर आधी सोड. घोर करायचाच तर त्यांच्या गोळ्यांचा कर. हल्ली सारख्या पेंगतात, उठताना झोक जातो, बोलणं जड झालंय, असं म्हणालीस ना? ‘वयच झालं’ म्हणून मोकळी होऊ नकोस. ही लक्षणं फिटच्या औषधाचीही असू शकतात.

पॅरालिसिसनंतर फिट आली की गोळी लागते, त्यात वाद नाही. पण फिट नसतानाही या गोळ्या चालू असतात. डायबेटिसमुळे पाय जळतात म्हणून गॅबापेन्टिन, स्मृतिभ्रंशात आरडाओरडा करतात म्हणून व्हॅल्प्रोएट. त्या आरडाओरड्यावर व्हॅल्प्रोएटचा फायदा होत नाही, हे चाचण्यांतून दिसलंय. गुंगी मात्र येते. म्हणून प्रत्येक गोळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचार, ‘ही कशासाठी?’ आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घे.

एप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइन असेल तर जास्तच डोळे उघडे ठेव. ते रक्तात सुमारे ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून असतं. काम करतं ते उरलेलं मोकळं औषध. म्हातारपणी खाणं तुटलं, आजारपण लांबलं की अल्ब्युमिन उतरतं आणि मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो. मग रिपोर्टवर लेव्हल नॉर्मल आणि बाई गुंगीत! म्हणून लेव्हलबरोबर अल्ब्युमिनही तपासायला सांग. डोस जरासा वाढवला तरी लेव्हल एकदम चढू शकते. उलट, नळीतून फीड चालू असेल तर हेच औषध नीट अंगी लागत नाही. फीड आणि औषधात किती अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांकडून सिस्टरना लिहून मिळू दे.

कार्बामाझेपिन असेल तर सोडियम बघायला सांग, त्यातून बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर नक्कीच. लेव्हेटिरासिटॅमचा डोस किडनीच्या रिपोर्टवर ठरतो, आणि त्यानं माणूस चिडचिडाही होतो. फेनिटॉइन वर्षानुवर्षं चालू असेल तर हाडं ठिसूळ होतात. ‘ड’ जीवनसत्त्वाचं विचारून घे.

मात्र बाई, घाबरून गोळी परस्पर बंद करू नकोस. अचानक तुटली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, हळूहळू.

आणि आंघोळ घालणाऱ्या मावशींना धरून ठेव. म्हाताऱ्या माणसाची फिट दर वेळी हातपाय झाडत येत नाही. कधी नुसतं टक लावून बघणं, कधी थोडा वेळ काहीबाही बोलणं. असं दिसलं की मोबाइलवर शूटिंग करायला आणि वेळ लिहून ठेवायला त्यांना सांग. डॉक्टर राउंडपुरते येतात, मावशी दिवसभर असतात. दिवाळीची साडी आधी त्यांना घे, मग माझं बघू!