शस्त्रक्रियेनंतर साकळलेले रक्त

हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. टाके कोरडे असतात, वेदनाही सोसवण्याजोगी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्नान करताना मात्र जांघेपासून खाली वृषणकोशापर्यंतची त्वचा जांभळी-काळी झालेली दिसते आणि घरात धावपळ उडते. गुडघ्याचा सांधा बदललेल्या ज्येष्ठ रुग्णांच्या बाबतीतही असेच घडते. शस्त्रक्रिया गुडघ्याची, परंतु निळा डाग घोट्यापर्यंत उतरलेला. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात आणि घर दूरच्या गावी, अशी स्थिती आपल्याकडे वारंवार असते. त्यामुळे हा डाग प्रथम पाहतात ते घरचे लोक, डॉक्टर नव्हेत. यातली कोणती भीती अनाठायी आणि कोणती खरी, हे घरच्यांना ओळखता आले पाहिजे.

शस्त्रक्रियेत सुरीखाली आलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या शल्यचिकित्सक बांधतात किंवा विद्युतदाहाने बंद करतात. केशवाहिन्यांसारख्या असंख्य सूक्ष्म वाहिन्यांतून मात्र थोडे रक्त पाझरतेच. ते त्वचेखालच्या सैल ऊतींत पसरले, की बाहेरून काळानिळा डाग दिसतो. मुका मार लागल्यावर जे दिसते तेच हे. द्रवाचा स्वभाव खाली उतरण्याचा असल्याने जांघेतले रक्त वृषणकोशात आणि गुडघ्याचे घोट्यात जाते. जखमेपासून दूर आढळलेला, सपाट, मऊ आणि फारसा न दुखणारा डाग बहुधा याच जातीचा असतो.

रक्त पसरून न जाता एकाच पोकळीत साठले, तर त्याची गाठ बनते. वैद्यकीय परिभाषेत तिला हिमॅटोमा म्हणतात. ती हाताला लागते, त्वचा ताणलेली व कधी चकाकणारी दिसते, आणि दाबल्यास दुखते. पहिल्या दिवसांत ती लिबलिबीत असते, पुढे रक्त साकळल्यावर घट्ट होते. असाच फुगवटा, पण पिवळसर पाण्याचा, काही दिवसांनी येतो. त्यास सेरोमा म्हणतात. दोहोंतील फरक बाहेरून नेहमीच कळतो असे नाही. सोनोग्राफीने बहुतेक वेळा निर्णय होतो.

डागाचे रंग बदलणे हे बिघाडाचे नव्हे, तर साफसफाईचे लक्षण आहे. प्रारंभीचा तांबूस डाग रक्तातील प्राणवायू कमी झाल्यावर निळा-जांभळा होतो. पुढे शरीरातील भक्षकपेशी तांबड्या पेशींची विल्हेवाट लावू लागतात. हिमोग्लोबिनमधील हीम या भागापासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. लोहाचा अंश हिमोसिडरिन या रूपाने मागे राहतो, म्हणून शेवटचा डाग तपकिरी दिसतो. पेशीविकृतीशास्त्राचे जनक रुडॉल्फ विरशॉ यांनी १८४७ मध्ये जुन्या रक्तस्रावाच्या जागी आढळणाऱ्या पिवळसर-तांबड्या स्फटिकांचे वर्णन केले होते. पित्तातले पिवळे द्रव्य आणि साकळलेले रक्त यांचे नाते तेव्हापासून अभ्यासकांच्या दृष्टीसमोर आहे. फार मोठी गाठ विरताना रक्तातील बिलिरुबिन थोडे वाढून डोळ्यांत पिवळसर झाक येऊ शकते. तिला घरच्या घरी कावीळ ठरवून झाडपाल्याची औषधे सुरू करू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. पाठ्यपुस्तकांतील ही रंगमाला गोऱ्या कातडीवर पाहून लिहिलेली आहे, हेही ध्यानी घ्यावे. सावळ्या त्वचेवर हिरवी-पिवळी छटा नीट दिसत नाही. आपल्याकडे डोळ्यांइतकाच हाताच्या स्पर्शावर, म्हणजे घट्टपणा, ऊब आणि ताण यांवर, भरवसा ठेवावा लागतो.

काहींच्या अंगावर लहानशा शस्त्रक्रियेनंतरही मोठा डाग का उमटतो? याचे उत्तर पुष्कळदा औषधांच्या डब्यात सापडते. हृदयविकारासाठी घेतलेली ॲस्पिरिनची लहानशी गोळीही रक्तबिंबिकांची एकमेकींना चिकटण्याची शक्ती कायमची कमी करते. बिंबिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असल्याने गोळी थांबवल्यावरही तो परिणाम काही दिवस टिकतो. क्लोपिडोग्रेलचेही तसेच. वॉर्फरिन, डॅबिगॅट्रान, ॲपिक्झाबॅन यांची कार्यपद्धती निराळी, पण रक्त गोठण्यास विलंब लावणे हे काम समान. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके, तसेच माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या अर्काच्या गोळ्या यांचाही उल्लेख डॉक्टरांपाशी करावा. ‘ते काही औषध नव्हे’ असे समजून रुग्ण नेमके हेच सांगायचे विसरतात. यकृताचा आजार, नुकताच होऊन गेलेला डेंग्यू, दात काढल्यावर दिवसभर न थांबलेले रक्त, किंवा घराण्यात कोणाला असलेला रक्तस्रावाचा विकार, या गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच सांगण्याच्या आहेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. डाग पाहून घाबरून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणे हे डागाहून कितीतरी धोक्याचे आहे. हृदयात स्टेंट बसवलेल्या किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णात त्यामुळे गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. गोळी थांबवायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या अशा दोघा डॉक्टरांनी मिळून ठरवावे.

घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर बर्फ जाड रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि दिवसातून काही वेळा असे करावे. शस्त्रक्रियेच्या जागेची त्वचा बधिर असल्याने बर्फ थेट लावल्यास ती जळते आणि रुग्णाला कळतही नाही. हात किंवा पाय असेल तर तो उशीवर उंच ठेवावा. वृषणकोशाला घट्टसर अंतर्वस्त्राचा आधार द्यावा. पेनाने सूज व डाग यांची कड त्वचेवर रेखून वेळ लिहून ठेवणे ही युक्ती तर कोणत्याही यंत्राहून स्वस्त आहे. सूज रेषेबाहेर वाढली की नाही, हे संध्याकाळी वाद न घालता कळते. निव्वळ पातळ डाग मात्र खाली घसरला म्हणून घाबरू नये. वेदनेसाठी शक्यतो पॅरासिटॅमॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत.

आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लावण्याची पद्धत मराठी घरांत जुनी आहे आणि न फुटलेल्या त्वचेवरील मुक्या मारासाठी तिची थोरवी आजीने सांगितलेली असते. टाके घातलेल्या जागेजवळ मात्र असा कोणताही लेप नको. जखमेत जंतू नेण्याचा तो राजमार्ग ठरतो, आणि लेपाच्या रंगाखाली वाढती लाली दिसत नाही. चोळणे, तेल जिरवणे, पहिल्याच दिवसांत गरम शेक घेणे यांनी बंद होत आलेल्या वाहिन्या पुन्हा उघडतात. सुश्रुतसंहितेत जळवांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीतही जळवा वापरतात, हे खरे. पण जळूच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते. ताज्या जखमेशी तो प्रयोग घरी करण्याचा नव्हे.

पोटावर घेतलेल्या हेपारिन गटातील इंजेक्शनांच्या जागी नाण्याएवढे डाग पडतात. ते निरुपद्रवी असतात, फक्त सुई काढल्यावर जागा चोळू नये.

आता धोक्याच्या खुणा. गाठ तासागणिक वाढत असेल, त्वचा काचेसारखी ताणून चकाकत असेल, टाक्यांतून ताजे रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. चक्कर, थंड घाम, जलद नाडी आणि फिकेपणा ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे होत. अशा वेळी त्वचेवर डाग लहान असला तरी फसू नये. जांघेतून अँजिओग्राफी झालेल्या रुग्णाची कंबर किंवा पाठ अचानक दुखू लागून त्याला भोवळ आली, तर रक्त पोटाच्या मागील भागात साठत असण्याचा संभव असतो. जांघेत गाठ वाढताना दिसली तर रुग्णाला आडवे करून हाताने त्या जागी घट्ट दाब धरावा व रुग्णवाहिका बोलवावी. हात-पाय असह्य दुखणे, बोटे बधिर किंवा थंड पडणे म्हणजे आतल्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडत असल्याची शंका. येथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे.

सर्वांत भयंकर प्रसंग थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचा. गळ्यातील साठलेल्या रक्ताने स्वरयंत्राभोवती सूज येते आणि श्वास कोंडतो. हे बहुधा पहिल्या चोवीस तासांत घडते, म्हणूनच रात्री परिचारिका पुन्हापुन्हा गळा तपासत असते. तिच्यावर चिडू नये. वेळ आल्यास खाटेवरच टाके उघडून रक्त मोकळे करावे लागते.

याउलट काही धोके सावकाश येतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर वाढणारी लाली, ऊब, ताप किंवा पू दिसल्यास साठलेल्या रक्तात जंतूंनी घर केले असे समजावे, कारण जंतूंना वाढण्यास ते उत्तम खाद्य असते. एकाच पोटरीची सूज व दुखणे ही शिरेतील गुठळीची खूण असू शकते. तिच्यावर रक्त पातळ करणारे औषध लागते, गाठीच्या नेमके उलट. म्हणून तर्क न करता डॉप्लर तपासणी करून घ्यावी.

“सुईने ओढून का काढत नाहीत?” हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. ताजे साकळलेले रक्त जेलीसारखे असते, ते सुईतून येत नाही आणि टोचण्याने जंतूंना वाट मिळते. साधारण आठवडा-दहा दिवसांनी ते पातळ होते, तेव्हा गरज भासल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने काढता येते. त्वचेवर ताण असणारी किंवा वाढत जाणारी गाठ मात्र शस्त्रक्रियागृहात उघडून, रक्त काढून, वाहती नस बांधावी लागते. लहान गाठी आपोआप विरतात. साधा डाग दोन-तीन आठवड्यांत जातो, घट्ट गाठीला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात आणि पायावरचा तपकिरी डाग त्याहून अधिक काळ रेंगाळतो. या काळात गाठ हळूहळू लहान व मऊ होत असेल, तर पुढील नियोजित तपासणीपर्यंत थांबण्यास हरकत नसते.