निर्दोष, पण घायाळ

अभ्यासासाठी वाचन : अनुवाद १९:१-७, यहोशवा २०:१-६



आमच्या कचेरीत मिस्सांची नोंदवही आहे. ज्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करायची त्यांची नावे तिच्यात लिहिली जातात. दर वर्षी एका ठरावीक तारखेच्या ओळीत मात्र नावाची जागा कोरी असते. ती नोंद करणारे गृहस्थ लोकलगाडीचे निवृत्त मोटरमन आहेत. पहिल्या वर्षी आम्ही विचारले, "कोणासाठी?" ते म्हणाले, "फादर, नाव ठाऊक नाही. माझ्या गाडीखाली आला होता." नाव पोलिसांच्या कागदात असणारच, पण ते विचारण्याचा धीर त्यांना कधी झाला नाही.

त्यांची परवानगी घेऊन आम्ही हे लिहीत आहोत. आपल्यापैकी अनेकजण रोज विरार लोकलने ये-जा करतात. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की आपण आधी घड्याळ पाहतो. "कोणीतरी गाडीखाली आले वाटते," असे कोणी म्हणतो आणि आपण ऑफिसात फोन लावतो. त्याच वेळी सर्वांत पुढच्या केबिनमध्ये एक माणूस एकटा बसलेला असतो. आज आपण त्याचा आणि स्टेशनवरील त्याच्या सोबत्यांचा विचार करू.

केबिनमध्ये काय घडते?

बसच्या ड्रायव्हरला गाडी बाजूला वळवता येते. मोटरमनला ती सोय नाही. त्याच्या हाती फक्त भोंगा आणि ब्रेक. बारा डब्यांची भरलेली लोकल वेगात असताना ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत काही शे मीटर पुढे जाते. म्हणजे रुळांवर माणूस दिसला की काही सेकंदांतच मोटरमनला करता येण्यासारखे सारे करून होते. त्यानंतर त्याला केवळ पाहावे लागते. आमचे गृहस्थ एवढेच म्हणाले, "त्याने माझ्याकडे पाहिले, फादर."

गाडी थांबते. मागच्या डब्यातील गार्डला (ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात) कळवले जाते. स्टेशन मास्तर रेल्वे पोलिसांना मेमो देतो. हमाल स्ट्रेचर घेऊन धावतात, सफाई कामगारांना बोलावणे जाते. जखमीचा श्वास चालू असेल तर एकेक मिनिट मोलाचे असते. हे हमाल काही डॉक्टर नव्हेत, पण जे डॉक्टरांनाही पाहवत नाही ते त्यांना हातांनी उचलावे लागते. मागे तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या येऊन उभ्या असतात, म्हणून पुष्कळदा त्याच मोटरमनला तीच गाडी पुढे न्यावी लागते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी सुमारे अडीच हजार माणसे दगावली. त्यातील बहुतेक रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून गेली. स्वतःहून जीव देणारे त्यांतला एक भाग. केबिनमधल्या माणसाला हा फरक त्या क्षणी कळतोच असे नाही. घाव मात्र दोन्हींचा बसतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेत अशा प्रसंगातून गेलेल्या ७६ चालकांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. घटनेनंतर महिन्याभराने त्यांतील सुमारे १६ टक्के चालकांना आघातानंतर जडणारा मानसिक विकार झालेला आढळला. याखेरीज नैराश्य आणि भीतीने ग्रासलेले आणखी बरेच होते. झोप उडणे, तेच दृश्य पुन्हापुन्हा समोर येणे, त्याच जागेवरून गाडी नेताना छाती धडधडणे, घरात चिडचिड, कधी दारूचा आधार: ही त्याची लक्षणे. घरच्यांना वाटते, याचा स्वभाव बिघडला. स्वभाव बिघडलेला नसतो. जखम चिघळलेली असते.

दोष वेगळा, दुःख वेगळे

"तुमची काय चूक? विसरून जा," असे आपण सहज म्हणतो. पहिले वाक्य खरे आहे, दुसरे मात्र उपयोगाचे नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे. बुद्धीने जाणून आणि इच्छेने निवडून केलेली ती मानवी कृती. तिचा जाब माणसाला द्यावा लागतो. जे माणसाकडून नुसतेच घडते ते निराळे. मोटरमनने त्या माणसाचा मृत्यू निवडलेला नाही. उलट, तो टाळण्यासाठी हाती होते ते सर्व केले. तेव्हा दोषाचा प्रश्न तेथेच संपतो.

दुःख मात्र संपत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली एका लॉरीचालकाचे उदाहरण दिले. त्याची काहीही चूक नसताना लहान मूल त्याच्या लॉरीखाली येते. रस्त्यावर पाहणाऱ्यांनाही वाईट वाटते, पण चालकाला वाटते ते वेगळ्या जातीचे असते, कारण ते त्याच्या हातून घडलेले असते. आपण त्याची समजूत घालतो हे योग्यच. पण त्याने ते लगेच झटकून टाकले तर आपल्यालाच कसेसे होईल. म्हणून मोटरमनचे दुःख हा दुबळेपणा नव्हे. त्याचे मन जागे असल्याची ती खूण आहे.

शरणपूर

पवित्र शास्त्राला हा माणूस ठाऊक आहे. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात दोघे लाकडे तोडायला रानात जातात. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्याला लागून तो मरतो. मनात वैर नव्हते, तरी मृत्यू झाला. अशा माणसासाठी देवाने इस्राएलात सहा शरणपुरे नेमली, यार्देनेच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. नाशिकच्या शरणपुराचे नाव याच कल्पनेवरून पडले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तिथवर जाणारे रस्ते आधीच तयार ठेवावेत, असे शास्त्र सांगते. संकट आल्यावर वाट खणायची नाही. आणि यहोशवाच्या पुस्तकात वडीलजनांनी काय करावे तेही सांगितले आहे: वेशीशी उभ्या असलेल्या माणसाची हकिगत ऐकावी, त्याला आत घ्यावे, राहायला जागा द्यावी. पुढे एक दिवस तो आपल्या घरी परत जातो. निर्दोष माणसालाही आसऱ्याची गरज असते, हे त्या काळी कायद्यात लिहिले गेले.

आपण काय करावे?

पहिले, जिभेला आवर. "आजवर तुमच्या गाडीखाली किती आले?" असे लग्नाच्या मांडवात हसत विचारणारे आम्ही ऐकले आहेत. हा प्रश्न पुन्हा कोणी विचारू नये. गेलेल्या माणसालाही "मरायला हीच जागा मिळाली?" असे बोलू नये. मनाची तीव्र व्यथा माणसाची जबाबदारी कमी करते, असे १९९२ ची कॅथॉलिक धर्मशिकवण सांगते. जीव देऊ पाहणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही म्हणतो. आपल्याला गुन्हेगार शोधण्याची घाई असते. येथे मात्र बहुधा दोन जखमी माणसेच असतात.

दुसरे, मोबाइल खिशात ठेवावा. फोटो काढू नये, आलेला पुढे पाठवू नये. व्हिएन्नात १९८७ साली वृत्तपत्रांनी अशा बातम्या भडकपणे देणे थांबवले आणि तेथील भुयारी रेल्वेतील आत्महत्या झपाट्याने घटल्या.

तिसरे, ऐकावे. शेजारी मोटरमन, गार्ड, हमाल किंवा रेल्वे पोलीस असेल तर त्याला बोलते करण्याचा हट्ट नको. तो बोलेल तेव्हा उपदेशही नको. महिना उलटला तरी झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना त्याची सोबत करावी.

आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या स्वतःच्याच मनात जगणे नको असा विचार येत असेल, तर त्याने आजच कोणाशी तरी बोलावे. १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते. आमचे दारही उघडे आहे. रात्री बेल वाजवायला संकोच करू नये. तुम्ही आम्हाला हवे आहात.

त्या कोऱ्या ओळीची मिस्सा आम्ही दर वर्षी अर्पण करतो. गेल्या वर्षापासून ती अर्पण करताना त्या अनोळखी भावाबरोबर मोटरमनचेही नाव आम्ही मनात घेतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. गाडी थांबली तेव्हा माझ्या तोंडून आलेला पहिला शब्द कोणता होता?

२. आपल्या वाडीत रेल्वेत काम करणारे कोण आहेत? त्यांच्या कामाविषयी मी कधी आस्थेने विचारले आहे का?

३. आपला धर्मग्राम कोणासाठी शरणपूर आहे? तिथवर येण्याचा रस्ता तयार आहे का?