उकळते मिश्रण आणि शुद्धतेची मर्यादा

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने कशेळीच्या पुलाकडे जाताना बाळकुम लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळकुम-कोलशेत पट्ट्यात रासायनिक कारखानदारी वाढली. आज तेथे अनेक जागी निवासी इमारती उभ्या आहेत; तथापि याच जिल्ह्यातील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक उद्योग अद्याप मोठ्या संख्येने आहेत. अशा कारखान्यांत उंच, निमुळते लोखंडी मनोरे दिसतात. पुष्कळांना ते धुराडे वाटते. वस्तुतः तो बहुधा ऊर्ध्वपातनाचा स्तंभ असतो. एकमेकांत मिसळलेले द्रव वेगळे करणे, हे त्याचे काम.

द्रव उकळून त्याची वाफ थंड केली की शुद्ध द्रव हाती येतो, असा सर्वसाधारण समज आहे. मिठाच्या पाण्याबाबत तो खरा आहे, कारण मिठाची वाफ होत नाही. परंतु मिश्रणातील दोन्ही द्रव उडून जाणारे असतील, तर हा समज चुकीचा ठरतो. आणि प्रसंगी तो माणसांच्या जिवावर बेततो.

समतोल म्हणजे काय?

बंद भांड्यात द्रव ठेवला असता त्याचे काही रेणू वाफेत जातात व काही परत द्रवात येतात. जाणारे व येणारे रेणू समसमान झाले की बाष्प आणि द्रव यांत समतोल साधला जातो. त्या वेळी वाफेचा जो दाब असतो, त्यास बाष्पदाब म्हणतात. तापमानाबरोबर तो वाढतो आणि बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळू लागतो.

मिश्रणात प्रत्येक घटक आपापला वाटा उचलतो. घटकाचा शुद्ध स्थितीतील बाष्पदाब आणि द्रवातील त्याच्या रेणूंचे प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे हा वाटा, असा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ राउल्ट यांनी १८८० नंतरच्या दशकात मांडला. बेंझीन ८०.१ अंश सेल्सिअसला, तर टोल्युइन ११०.६ अंशाला उकळते. दोहोंचे रेणू समप्रमाणात असलेले मिश्रण सुमारे ९२ अंशाला उकळते. त्याच्या वाफेतील १०० रेणूंपैकी सुमारे ७१ बेंझीनचे, तर २९ टोल्युइनचे असतात. आधी केवळ बेंझीन व मागाहून टोल्युइन, असा क्रम येथे नसतो. वाफेतही मिश्रणच असते; फक्त हलक्या घटकाचे प्रमाण त्यात अधिक असते.

मनोऱ्याचे प्रयोजन

ही ७१ टक्क्यांची वाफ थंड करून पुन्हा उकळली, तर प्रमाण सुमारे ८६ वर जाते. आणखी एकदा केल्यास सुमारे ९४ वर. एकाच मनोऱ्यात ही क्रिया अखंड घडावी म्हणून त्यात एकावर एक तबके बसवलेली असतात. वर जाणारी वाफ तबकावरील द्रवात आपली उष्णता सोडते. त्या उष्णतेने द्रवातील हलका घटक पुढे उडतो. माथ्याशी जमलेल्या द्रवाचा काही भाग मुद्दाम परत खाली सोडतात. तबके किती हवीत हे आलेखावर पायऱ्या काढून ठरविण्याची रीत मॅकेब व थिली यांनी १९२५ साली दिली. ती आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

जेथे मनोराही थांबतो

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांत मळीपासून इथेनॉल होते. येथे राउल्टचा साधा नियम पुरत नाही. द्रवातील १०० रेणूंपैकी १० इथेनॉलचे असले, तर वाफेत ते सुमारे ४४ होतात. प्रारंभीचा हा लाभ पुढे घटत जातो आणि वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर वाफ व द्रव यांचे प्रमाण एकच होते. मग हवेच्या दाबाखाली कितीही तबके वाढविली तरी उपयोग होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जवळजवळ निर्जल इथेनॉल लागते. म्हणून उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थाचा वापर केला जातो.

जिवावर बेतणारा समज

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉल ६४.७ अंशाला, तर इथेनॉल ७८.४ अंशाला उकळते. तेव्हा पहिली धार टाकून दिली की विष निघून जाते, असे काही जण मानतात. समतोलाचा हिशेब वेगळे सांगतो. या दोहोंच्याच मिश्रणात १०० पैकी १० रेणू मिथेनॉलचे असतील, तर पहिल्या वाफेत ते फार तर १६ ते १७ असतात. बहुतांश विष भांड्यातच राहते व पुढील प्रत्येक धारेत उतरते. पाणी पुष्कळ असेल तर हा अल्प लाभही उरत नाही. जे काम तबकांच्या मनोऱ्यात काटेकोर नियंत्रणाखाली होते, ते हातभट्टीवर होणे नाही. वासावरून, चवीवरून किंवा ज्योतीच्या रंगावरूनही अशी दारू निर्धोक ठरविता येत नाही.

या विषाची लक्षणे बारा ते चोवीस तास उशिराही दिसू शकतात. दारू प्यायल्यानंतर अंधुक दिसणे, पोटदुखी, उलटी किंवा धाप यांपैकी काहीही जाणवल्यास झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ज्यांनी तीच दारू घेतली असेल, त्यांनाही लक्षणांची वाट न पाहता सोबत न्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती वस्तीवस्तीत पोहोचवावी.

शिक्षकांनी वर्गात मिठाच्या पाण्याची वाफ थंड झाकणावर धरून दाखवावी आणि बेंझीन-टोल्युइनचे वरील आकडे आलेखावर मांडून घ्यावेत. ज्वालाग्राही द्रव मात्र वर्गात कधीही तापवू नयेत. उकळल्याने वेगळे होते आणि उकळल्याने शुद्ध होते, या दोन विधानांतील अंतर विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले, तर हा धडा परीक्षेपलीकडेही उपयोगी पडेल.